महिनाभराच्या बोलीवर

कुत्री घरी आणायची ठरली तेव्हापासून तातेराव गुरुजी आठ दिवस घर तयार करत होते. मागच्या भिंतीला खिंडार पडलं होतं, तिथं पत्रा ठोकला. फाटकाखालच्या फटीला दगड लावले. फवारणीची औषधं आणि उंदराच्या गोळ्या पेटीत घालून कुलूप लावलं. अंगणभर वाळत घातलेली हळद एका बाजूला ओढली आणि लिंबाच्या सावलीत पाण्यासाठी मातीचं पसरट भांडं ठेवलं. ओसरीच्या कोपऱ्यात जुनी गोधडी टाकली, आणि बाहेरून जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर पडू नये म्हणून पुढं ज्वारीची कोठी सरकवली.

"लेकीच्या बाळंतपणाला बी एवढी तयारी केली नव्हती तुमी," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची चौदा इथंच, शिरड शहापुरात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडले, तेव्हापासून उजवा गुडघा नीट वाकत नव्हता. गायीसाठी औषध आणायला ते औंढ्याला प्रतिक्षाच्या दुकानात जायचे. प्रतिक्षा त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिचं जनावरांच्या औषधांचं दुकान होतं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती जखमी, टाकून दिलेली कुत्री सांभाळायची. बरी झालेली कुत्री चांगलं घर बघून द्यायची.

बाकीची कुत्री माणूस दिसलं की जाळीशी येत. एक भुरकट रंगाची कुत्री मात्र भिंतीकडं तोंड करून बसलेली असायची. ती वीटभट्टीवरची; भट्टी बंद करून माणसं निघून गेली आणि ही साखळीलाच राहिली. प्रतिक्षानं आणली तेव्हा साखळी गळ्याच्या मांसात रुतली होती. गुरुजी चार वेळा दुकानात गेले, चारही वेळा ती तशीच पाठमोरी. पाचव्या वेळी ते म्हणाले, "ही मला दे."

"घर बघायला येते रविवारी," एवढंच प्रतिक्षा म्हणाली.

ती रविवारी दुपारी आली. पत्रा हलवून पाहिला, फाटक लावून-उघडून पाहिलं, कोपऱ्यातल्या गोधडीवर हात फिरवला. सगळं तिला पसंत पडल्यासारखं दिसत होतं. मग ओसरीवर बसून तिनं चहाचा कप हातात घेतला आणि विचारलं, "गुरुजी, काठीचं काय करणार?"

"कसली काठी?"

"तुमच्या हातातली."

गुरुजींनी काठीकडं पाहिलं. "ही तर चालायला लागते बाई. गुडघ्याचं तुला ठावं हाय."

"मला ठावं हाय. तिला न्हाई. बांबू दिसला तरी ती जागेवर मुतते. हात वर गेला तरी." प्रतिक्षानं चहाचा एक घोट घेतला. तिला पुढचं बोलणं जड जात होतं. "आन खरं सांगायचं तर माझा जीव घाबरतोय ते निस्त्या काठीनं न्हाई. तुमच्या वर्गात मी बसलेली हाय. दादाला तुमी मारलं त्या दिवशी मी व्हरांड्यात उभी होते. तिसरीत होते मी."

"सुरजला?"

"सहावीत होता. दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेला न्हाई. परत कधीच गेला न्हाई."

गुरुजी आठवायचा प्रयत्न करत राहिले. सुरज त्यांना माहीत होता, पिकअप गाडी चालवतो, रस्त्यात भेटला तर मान हलवतो. पण शाळेतला सुरज डोळ्यांपुढं येईना. शेवटी ते म्हणाले, "मला आठवत न्हाई प्रतिक्षा."

हे ऐकून तिचा चेहरा उतरला. रागावली असती तर गुरुजींना बरं वाटलं असतं. तिनं कप खाली ठेवला. "मी विचार करून फोन करते," म्हणाली आणि निघून गेली.

त्या संध्याकाळी जेवताना रुख्मिणीबाई म्हणाल्या, "सुरजची माय आली होती तवा. दारात उभी राहिली. तुमी आसंच जेवायला बसला होता. तिनं म्हणलं, पोराच्या पाठीला हळद लावून आले, म्हणलं गुरुजीला सांगावं. तुमी म्हणला, अभ्यास करीत जा म्हणावं."

"तू कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी विचारलं?"

गुरुजींनी पुढचा घास ताटातच ठेवला.

चार दिवसांनी फोन आला. प्रतिक्षा म्हणाली, "महिनाभराच्या बोलीवर देते. दर रविवारी येऊन बघणार. मला पटलं न्हाई तर परत नेणार, तुमी वाईट वाटून घ्यायचं न्हाई." मग तिनं सूचना सांगितल्या आणि गुरुजींनी त्या वहीत उतरवून घेतल्या. पहिले आठ दिवस पाहुणे नकोत. तिच्या डोळ्यांत बघायचं नाही, अंगावरून वाकायचं नाही, बाजूला तोंड करून बसायचं. जेवण रोज त्याच वेळेला, त्याच जागी. आपण होऊन जवळ आली तरच हात लावायचा, तोही हनुवटीखालून, डोक्यावरून नाही. घरात घाण केली तर मुकाट्यानं पुसायची. बाहेर केली की लगेच तोंडभर कौतुक करायचं. आवाज चढवायचा नाही.

"आन काठी?" गुरुजींनी विचारलं.

"काठी लपवू नका. कधी ना कधी दिसणारच. तिला ती शिकवायची, हळूहळू."

त्या कुत्रीला, भुरीला, घेऊन सुरजच आला, त्याच्या पिकअपमध्ये. पट्टा सैल धरून त्यानं तिला बराच वेळ फाटकातच उभं राहू दिलं. ती पोट जमिनीला घासत आत आली आणि सरळ कोठीमागं शिरली. सुरज रुंद खांद्यांचा, शांत माणूस होता. गुरुजींनी काठी आधीच ओसरीच्या कडेला आडवी ठेवली होती, ते खांबाला धरून उभे होते.

"सुरज, प्रतिक्षा मला सांगत होती..."

"आधी कुत्रीचं बघा गुरुजी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. पाणी प्यायला आणि गेला.

पहिले तीन दिवस भुरीनं कोपरा सोडला नाही. गुरुजी भाकरी दुधात कुस्करून भांडं ठेवायचे आणि पाठ फिरवून बसायचे. पाठीमागं चाटल्याचा आवाज यायला लागेपर्यंत अर्धा-अर्धा तास जायचा. चौथ्या दिवशी ती रुख्मिणीबाईंच्या मागं न्हाणीपर्यंत गेली. गुरुजींना थोडं वाईट वाटलं, पण त्यांनी वहीत लिहिलं, 'आज कोपरा सोडला.'

आठवड्यानंतर काठीचा धडा सुरू झाला. गुरुजींनी काठी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर ठेवली आणि तिच्यापासून दहा हातांवर भाकरीचा तुकडा. भुरी आली नाही. दुसऱ्या दिवशी पंधरा हातांवर ठेवला, तेव्हा तिनं तो पळवला. मग रोज दोन हात जवळ. तिनं मागं पाऊल घेतलं की गुरुजीही दुसऱ्या दिवशी तुकडा मागं न्यायचे. शाळेत त्यांनी कुणासाठीच असा धडा मागं नेला नव्हता. पुढं जाणारी पोरं पुढं जायची, राहिलेली राहायची. तिसऱ्या रविवारी प्रतिक्षाच्या देखत भुरीनं काठीला टेकलेला तुकडा खाल्ला आणि काठीचा वास घेतला. त्या दिवशी प्रतिक्षानं चहाबरोबर रुख्मिणीबाईंनी दिलेले पोहेही खाल्ले.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी फाटक लावायचं राहिलं. शेजारची शेळी आत येऊन हळदीत शिरली, पायांनी हळकुंडं उधळायला लागली. गुरुजी ओसरीवरून उठले, "ए हाड" म्हणून ओरडले आणि काठी डोक्याच्या वर उगारली. शेळी पळाली. तिच्या आधी भुरी पळाली. लिंबाखाली झोपलेली ती अशी निघाली की गुरुजींना फक्त फाटकातून जाणारं भुरकं काहीतरी दिसलं.

हात अजून वरच होता. तो खाली घ्यायला त्यांना वेळ लागला.

दुपारपर्यंत दोघांनी गल्ल्या, मळे, ओढ्याचा काठ धुंडाळला. रस्त्यावर हळद पसरणाऱ्या एका बाईनं सांगितलं की भुरकं कुत्रं मळ्याकडं जाणाऱ्या पांदीच्या पुलाखाली गेलं. रुख्मिणीबाईंना घरी फाटक उघडं ठेवून बसायला सांगून गुरुजी एकटेच तिकडं गेले. पुलाखाली सिमेंटची नळी होती, कोरडी. आत अगदी मागं दोन डोळे चमकले. गुरुजींनी काठी दूर बाभळीला टेकवली, धडपडत चार पावलं टाकली आणि नळीच्या तोंडाशी, बाजूला तोंड करून, जमिनीवर बसले. बसताना गुडघ्यातून कळ गेली. आता आपल्याला एकट्याला उठता येणार नाही, हे त्यांना कळलं.

हाका मारायच्या नाहीत. हलक्या आवाजात काहीही बोलत राहायचं, प्रतिक्षानं सांगितलं होतं. पण काय बोलावं ते सुचेना. चौतीस वर्षं जे तोंडात होतं तेच आलं. ते हळू आवाजात पाढे म्हणू लागले. बाराचा, तेराचा, पुढं चौदाचा. सूर लावून, झोपाळू लेकराला म्हणावे तसे. सतराच्या पाढ्याला आले. सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे पंच्याऐंशी. आणि तिथं ते थांबले.

एक पोरगं फळ्यापाशी उभं होतं. शर्टाचं वरचं बटण नव्हतं. पंच्याऐंशीपर्यंत येऊन अडत होतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतं, पुन्हा तिथंच. वर्ग हसत होता. वर्ग हसतो म्हणून गुरुजींचा हात वेगानं चालत होता. सगळं आठवलं, मोडलेल्या छडीचा आवाजसुद्धा.

ऊन पांदीच्या पलीकडं सरकलं. केव्हातरी मनगटाला ओलं लागलं. भुरी नळीच्या तोंडाशी येऊन त्यांचा हात हुंगत होती. त्यांनी हात हलवला नाही. ती त्यांच्या मांडीपासून हातभर अंतरावर बसली.

मग त्यांनी खिशातून मोबाईल काढून सुरजला फोन लावला. गाडी थोडी लांब थांबवून तो पायी आला. त्यानं भुरीला पट्टा घातला, गुरुजींना काखेत हात घालून उठवलं.

"सतराच्या पाढ्याला अडला होतास तू," गुरुजी म्हणाले. "पाच्यापाशी. आता आठवलं. मी लई मारलं तुला. चुकलं माझं."

सुरज त्यांना धरून उभा होता. तो म्हणाला, "माझं लेकरू दुसरीत हाय गुरुजी. त्याला पाढे घ्यायला बसलो की पाच्यापाशी मीच अडतो. मंग मी उठून बाहेर जातो." त्यानं बाभळीपासून काठी आणली आणि आडवी धरून, जमिनीलगत, गुरुजींच्या हातात दिली. भुरीनं बघितलं, पण पळाली नाही.

रविवारी महिना भरला. प्रतिक्षा आल्याबरोबर, ती बसायच्या आतच, गुरुजींनी बुधवारचं सगळं सांगितलं. काठी उगारल्याचं, फाटक उघडं राहिल्याचं, नळीचं.

"दादा काही बोलला न्हाई," ती म्हणाली.

"त्यानं काहून बोलावं? मी केलं, मीच सांगायचं."

तिनं कोठीकडं पाहिलं. भुरी कोठीच्या मागं नव्हती, पुढं पडली होती, एक डोळा उघडा ठेवून. प्रतिक्षा खाली बसली, तिच्या गळ्यावरचा जुना वण बोटांनी चाचपला, वजनाचा अंदाज घेतला.

"अजून एक महिना," ती म्हणाली. "बोलीवरच."

"बराबर हाय," गुरुजी म्हणाले.

ती गेल्यावर रुख्मिणीबाईंशी बोलता बोलता भुरीच्या जेवणाची वेळ टळून गेली. एकदम ओसरीवरून भुंकण्याचा आवाज आला. एवढ्या दिवसांत भुरी कधी भुंकली नव्हती. ती रिकाम्या भांड्यापाशी उभी होती आणि सरळ गुरुजींकडं बघून भुंकत होती, तक्रार केल्यासारखी.

"व्हय बाई, उशीर झाला," म्हणत गुरुजी खांबाला धरून उठले आणि भाकरी कुस्करायला आत गेले.