टकटक माझ्या इंजिनात नव्हती

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो. जुनी म्हणा, माझी ना नाही. खटारा म्हणाल तर मात्र गाठ माझ्याशी आहे. माझी किक उलटी बसली की भल्याभल्यांची पोटरी दोन दिवस ठणकते.

लांबच्या प्रवासासाठीच माझा जन्म झाला. कारखान्यात मला दणकट सांगाडा दिला, मोठी टाकी दिली आणि सामानाच्या पेट्या अडकवायला मागं दांड्या दिल्या. दुकानात सगळे गडीच यायचे, माझ्यावर बसून फोटो काढायचे आणि निघून जायचे. मग ढोकीच्या दीपमालाबाई आल्या. त्या येडशीच्या शाळेत भूगोल शिकवतात. दुकानदार म्हणाला, "ताई, ही लई जड हाय, तुमाला झेपायची न्हाय." बाईंनी मला स्टँडवरून उतरवलं, गल्लीतून फेरी मारून आणली आणि विचारलं, "सही कुठं करायची?" त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

मग आम्ही काय हिंडलो म्हणता! हंपी पाहिली, कन्याकुमारीचं खारं वारं खाल्लं. वर्गात नकाशावर बोट ठेवून बाई सांगायच्या, "इथं मी स्वतः जाऊन आले." लोक वळून बघायचे. पुढं वर्षं सरली, रंग उडाला, चेनला तेल द्यायचंही कुणाच्या ध्यानात राहीना. मी कुरकुर केली नाही.

यंदा बाईंनी मे महिन्यात अरुणाचलला जायचं ठरवलं. त्यांच्या आईनं, तुळजाबाईंनी, माझ्या हँडलला कवड्यांची माळ बांधली. तुळजाभवानीची कवडी ती, काढायची कुणाची छाती? पण माळ दिव्यावर यायला लागली, म्हणून बाईंनी ती खाली पायदानाजवळच्या दांडीला बांधली. एका शनिवारी सकाळची शाळा करून येताना माळ तुटली. घरी आल्यावर माळ दिसली नाही, तेव्हा तुळजाबाईंनी हात जोडले. "देवीनं तुझ्यावरचं संकट सोताच्या अंगावर घेतलं, बाय. आता शोधू नगं." आमच्याकडं असंच मानतात. झालं, कुणी शोधलीच नाही!

अहो, ती माझ्याच पोटात होती! ज्या पुढच्या चक्रावरून चेन फिरते, त्याच्या मागं दोरा गुंडाळला गेला होता, बाकीच्या कवड्या वाटेत गळल्या होत्या आणि उरलेली एक कवडी झाकणाला आपटत होती. टक, टक, टक. मी घसा फोडून सांगत होते.

गॅरेजवाल्या उत्तरेश्वरनं मला साखर कारखान्यापर्यंत पळवून आणलं आणि निकाल दिला. "इंजिन गेलं, मॅडम. आतलं बेअरिंग बोंबलतंय. इंजिन उतरावं लागंल." अरे बाबा, उभी करून रेस दिलीस तेव्हा मी चकार शब्द काढला होता का? तेवढं तरी ध्यानात घ्यायचं होतंस. पण आमचं ऐकतो कोण!

बाईंच्या धाकट्या भावाला, रणधीरला, आयतं निमित्त मिळालं. "ताई, दे हिला बदलून. धाराशिवला जुन्या गाडीवर नवी स्कूटर देत्यात. आन् ते अरुणाचल ऱ्हाऊ दे आता. पन्नाशी आली तुझी." "रविवारी जाऊ," बाई म्हणाल्या, आणि त्याचा मला फार राग आला. भंगारात मी जाणार होते, पण घरात बसवणार होते त्यांना.

रविवारी आम्ही धाराशिवला निघालो. रणधीर मागून त्याच्या स्कूटरवर. मी ठरवलं, गपगुमान जायचं नाही. टक टक टक टक! येडशीच्या पुढं उताराला उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. बाईंनी क्लच दाबला, इंजिन मंद झालं. मी मात्र चाकाच्या वेगानं वाजतच राहिले. बाईंनी मान तिरकी केली. क्लच सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला.

"इंजिन हळू झालं, पण आवाज हळू झाला न्हाय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "म्हणजे हे चाकाबरोबर वाजतंय. इंजिनात न्हायच हे!"

शाब्बास माझी वाघीण!

त्यांनी मला कडेला मधल्या स्टँडवर घेतलं, इंजिन बंद केलं, न्यूट्रल करून मागचं चाक हातानं फिरवलं. टक. कान लावत लावत पुढं आल्या. टक. सीटखालचा पाना काढून झाकण खोललं, तर ग्रीसनं काळाकुट्ट झालेला दोरा आणि त्यात अडकलेली कवडी.

रणधीरनं कपाळाला हात लावला. "आयला! आता आईला काय सांगायचं?"

"खरं ते सांगायचं." बाईंनी कवडी ओढणीनं पुसून कपाळाला लावली. "देवीनं घेतलं म्हणून आपण बघायचंच सोडलं. चूक आपली."

"आन् तो दुकानदार? वाट बघत आसंल की."

"तू जा. त्याला सांग, गाडी यायची न्हाय. आन् मी घरात बसायची न्हाय."

त्यांनी सगळा दोरा कापून काढला, झाकण बसवलं आणि मला माघारी वळवलं. मी एका किकेत उठले. टकटक नावालाही उरली नव्हती.

तर मित्रांनो, गाडीचं काही वाजायला लागलं की लगेच 'वय झालं' म्हणून मोकळं होऊ नका. ते कधी वाजतं, कधी थांबतं, ते आधी ऐका. वाकून बघा, चेनला वेळेवर तेल द्या. घरातल्या माणसांनाही हेच लागू आहे, तेल तेवढं सोडून. येत्या मे महिन्यात आम्ही दोघी अरुणाचलला निघतोय. तरीही कुणाला मला भंगारात घालायचंच असेल, तर खुशाल या. पण आधी मला गाठून दाखवा!