डिकीतलं हृदय

ठण्णकन डब्याचं झाकण ओट्यावरून खाली पडलं आणि अंगणात चिडीचूप उभी असलेली माणसं एकदम मागे वळली.

"श्श! जरा हळू गं!" शेजारच्या काकू खिडकीतूनच दटावून गेल्या. बरोबरच होतं त्यांचं. बाहेर एका मेलेल्या माणसाचं हृदय सुरू व्हायचं होतं आणि मी खुशाल डबे आवरत होते.

मेलेला माणूस म्हणजे माझा धाकटा दीर. आणि हृदय होतं त्याच्या गाडीच्या डिकीत.

स्पंदनबुवा डिकीच्या झाकणावर तळहात टेकून डोळे मिटून उभे होते. त्यांनी हात अलगद सैल केला.

टक. धप्प!

दारं बंद, रेडिओ बंद, किल्ली सासूबाईंच्या पदराला. तरी मागचा मोठा स्पीकर असा दणकला की माझ्याही पोटात हललं.

"ऐकलंत?" बुवा गरजले. "ॲम्प्लिफायर म्हणजे काय? आवाज मोठा करणारं यंत्र! कुणाचा आवाज? रेडिओचा? छे! आत्म्याचा! आत्मा बिचारा हळू बोलतो."

"पण बुवा, हा तर जिवंतपणी ओरडूनच बोलायचा," मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हणून तर एवढा धप्प!" बुवांना उत्तर शोधावं लागत नसे.

हसण्यावारी नेलं असतं मी. पण बुवांनी सासूबाईंना सांगितलं होतं, "लेकाचं हृदय इथे चालतंय, तोवर आईच्या हृदयाला गोळ्या कशाला?" झालं. रक्तदाबाच्या गोळ्या बंद. पाय सुजले, भिंत धरून चालणं आलं. डॉक्टर रागावून थकले. नवरा म्हणे, "आई माझं ऐकत नाही, तुझं काय ऐकणार?" मी भाजीत गोळी चुरून घातली, तर त्यांनी ताट शांतपणे बाजूला सरकवलं. "मला वेडी समजू नकोस गं." त्यापुढे काय करायचं, मला खरंच सुचत नव्हतं.

माझी पाच वर्षांची लेक मात्र मजेत होती. ती गाडीत मागच्या सीटवर बसून काकाशी गप्पा मारायची. त्या दिवशी वेणी घालून घेताना म्हणाली, "आई, काका जागा होतो ना, तेव्हा सीटच्या मागून उजेड येतो. बुवांनी हात दाबला की अंधार."

माझा हात वेणीतच थांबला. दिरानं त्या स्पीकरची जोडणी केली तेव्हा टॉर्च धरून मीच उभी होते. "वहिनी, रेडिओपासून तार आणायची तर अख्खं कार्पेट उचकटावं लागेल. तूर्त डिकीच्या दिव्यावरून घेतो. वाजतंय का बघू, मग नीट करू."

तो 'मग' राहूनच गेला.

पुढच्या वेळी गर्दी जमली तेव्हा मी सरळ पुढे गेले. "आई, किल्ली द्या. डिकी उघडते."

"हात लावाल तर स्पंदन कायमचं थांबेल!" बुवा ओरडले.

सासूबाईंनी पदर घट्ट धरला. "नको गं." एवढ्या वर्षांत त्यांनी माझी कधी विनवणी केली नव्हती. मी परत फिरणारच होते. पण त्या सुजलेल्या पायांवर डुलत होत्या. मी किल्ली सोडवून घेतली.

डिकी नीट लागलेलीच नव्हती, पहिल्या खाचेवर नुसती अडकवलेली होती. झाकण उघडून मी सगळ्यांना दाखवलं. चौकटीत एक बटण. झाकण दाबलं की बटण दबतं, दिवा विझतो. हात सैल केला की बटण सुटतं, दिवा लागतो. त्याच दिव्याच्या तारेवरून वीज जाते या काडेपेटीएवढ्या काळ्या रिलेला. रिले टक करून ॲम्प्लिफायरला म्हणतो, चालू हो. तो चालू होताना स्पीकर दणकतो. संपलं हृदय.

लेकीनं बोटानं बटण दाबलं, सोडलं. टक. धप्प. मी रिलेची तार काढली. तिनं पुन्हा बटण दाबून सोडलं. दिवा लागला. नुसता दिवा.

"चमत्कार मानायच्या आधी झाकण उघडून बघत जा," मी म्हटलं. "आणि कुणी गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर त्याचा हात कुठे आहे ते आधी बघा."

बुवांना अचानक दुसरीकडे बोलावणं आलं. काकू जाता जाता म्हणाल्या, "खरं असेल तुझं. पण म्हातारीचं एवढंसं सुख तुला बघवलं नाही."

सासूबाईंनी गोळी मागून घेतली, पाण्याबरोबर गिळली. मग माझ्या हातातल्या तारेकडे बघत म्हणाल्या, "एवढं कळतं तुला, तर पुन्हा जोड ना ती."

जोडता आली असती. एकच टोक तर खोचायचं होतं. मी ते मुठीत घेऊन तशीच उभी राहिले.

लेक गाडीत जाऊन मागच्या सीटवर बसली होती. तिनं काच खाली केली.

"आई, मग मी रोज काकाला सगळं सांगायचे, ते कोण ऐकत होतं?"