विहिरीचा तळ

पुण्याहून ती मुलगी आली तेव्हा सिद्धराम एका मिक्सरचं स्विच उघडून बसला होता. बाळीवेशीतलं त्याचं दुकान म्हणजे पुढं दुरुस्तीचं टेबल आणि मागं एक बंद खोली. त्या खोलीत एके काळी व्हिडिओ गेमची तीन मशिनं होती. मशिनं जाऊन वीस वर्षं झाली. खोली सांभाळणारी त्याची बायको, महानंदा, जाऊन सव्वा वर्ष.

"काका, तुमच्याकडे विहिरीचा गेम होता ना?" मुलीनं विचारलं.

"हुता की. का? बिघडलेला आणलाय का कुठला?"

मुलगी हसली. नाव प्रियदर्शनी. हरवलेल्या जुन्या गेमांची माहिती गोळा करणं हे तिचं काम. या विहिरीच्या गेमचं मशीन म्हणे आता कुठंच उरलं नव्हतं. उरली होती ती फक्त घरच्या टीव्हीला लावून खेळायची कॅसेट. कॅसेटमधला माणूस कंदील घेऊन विहिरीचे तीन टप्पे उतरतो आणि पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. पण मशीनच्या जाहिरातीच्या कागदावर टप्पे चार लिहिलेले. चौथा म्हणजे तळ. तो कसा होता हे कुणालाच माहीत नव्हतं.

"मग माज्याकडं कशाला आलीस? मी मशीन आणलं, धा येळा खोललं, शेवटी भंगारात घातलं. खेळलो न्हाय कदी."

"तुम्ही नाही काका. काकू खेळायच्या."

सिद्धरामचा हात थांबला. मुलीनं मोबाइल पुढं केला. हैदराबादच्या कुणीतरी तिला लिहून पाठवलं होतं:

'सोलापुरात सिद्धरामअण्णांच्या दुकानात ते मशीन होतं. आम्ही कॉलेजची पोरं तिसऱ्या टप्प्यातच मरायचो. तळाला पोचायच्या त्या फक्त महानंदावैनी. पोचल्या की मागं वळून अण्णांना हाक मारायच्या, अवो, या की, बगा तरी. अण्णा कधीच आले नाहीत. तेवढ्यात तळ निघून जायचा. आम्ही मागं बाकावर असायचो, आम्हाला वैनींची पाठच दिसायची.'

सिद्धरामनं ते दोनदा वाचलं.

"कोन ह्यो?"

"पंचाक्षरी म्हणून आहेत."

"आटवला. काड्या घालत हिंडायचा कॉलेजात."

"म्हणजे खोटं लिहिलंय?"

"न्हाय. खोटं असतं तर बरं झालं असतं."

दुपारी गर्दी नसायची, तेव्हा महानंदा खेळायची. आतून हाक यायची. हा बाहेरून 'आलो, आलो' म्हणायचा आणि हातातला रेडिओ पुरा करायचा. एकदा ती स्वतःच धावत बाहेर आली. कपाळावर घाम, तोंडभर हसू. "तळाला गेले बगा आज!"

"मग? पानी लागलं का?" सिद्धराम म्हणाला.

समोर दोन गिऱ्हाइकं होती, ती खदखदून हसली. आपण बोललो आणि माणसं हसली, याचं सिद्धरामला मोठं कौतुक वाटलं. मग तो विनोद त्यानं पुढं बरीच वर्षं चालवला. पाहुणे आले की सांगायचा, आमची बाई रोज हिरीच्या तळाला जातीया, पर घागर रिकामीच घिऊन येतीया. सुरुवातीला महानंदाही हसायची. नंतर चहा ठेवायला आत जायची.

महानंदाच्या मातीला आलेली माणसं म्हणाली होती, सोन्यासारखं ठेवलंस बायकोला. सिद्धरामनं मान हलवली होती.

"कॅसेट आणलीय मी. दाखवू?" मुलीनं विचारलं. दुरुस्तीला आलेल्या टीव्हीला तिनं वायरी जोडल्या आणि खेळायला लागली. पहिल्या टप्प्यात तपकिरी पायऱ्या. दुसऱ्यात भिंतीतल्या भोकांतून पारवे उडत होते. तिसऱ्यात निळ्या-तपकिरी चौकोनांवरून एक लाल साप तिरका सरकत होता.

हा साप सिद्धरामनं पाहिला होता. मशीनवर नाही, मशीन तर त्यानं मागच्या बाजूनंच पाहिलेलं. मग कुठं?

त्यानं टेबलाकडं पाहिलं.

टेबलावर मॅटीचं जुनं कापड अंथरलेलं होतं. फुल्याफुल्यांचं भरतकाम केलेलं, टीव्हीवर घालायचं. महानंदानं एका हिवाळ्यात ते भरलं होतं. ना मोर, ना गुलाब, नुसते चौकोन. पुरं झाल्यावर समोर धरून म्हणाली होती, "वळखा बगू, काय हाय?"

"काठाचं डिझाईन."

"न्हाय."

"मग गोधडी."

तिनं ते घडी घालून टीव्हीवर टाकलं आणि पुन्हा विचारलं नाही.

भिंतीवरचा चपटा टीव्ही आला तेव्हा कापडाचं काम संपलं. सिद्धरामनं ते दुकानात आणलं, स्क्रू घरंगळू नयेत म्हणून. दुपारचा डबा घेऊन आली तेव्हा महानंदाला ते दिसलं होतं. "हितं टाकलं व्हय?" एवढंच म्हणाली.

"सुती हाय. गरम सोसतंय," यानं सांगितलं होतं.

आता त्यानं मिक्सर उचलून खाली ठेवला. स्क्रू, पक्कड, वायरींचे तुकडे, सगळं हातानं बाजूला लोटलं. कापड झटकलं. चार चौकटी होत्या. वरच्या दोन पायऱ्यांच्या आणि पारव्यांच्या. खाली डावीकडं लाल साप.

"काका!" मुलगी ओरडलीच. "हे तर हुबेहूब आहे. घरं मोजून भरलंय त्यांनी!"

खाली उजवीकडची चौकट चौथी. उजवीकडं म्हणजे सिद्धरामच्या उजव्या हाताला. अकरा वर्षं तो तिथं तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवत आला होता. चौकटीच्या जागी बशीएवढं भोक होतं, कडा काळ्या, कडक. कडेला थोडा निळा दोरा उरला होता. एका कोपऱ्यात पांढऱ्या फुल्यांची एक गोलाई, अर्धवट. अर्धं चाक असेल. अर्धी घागर असेल.

सिद्धरामनं कापड उलटं करून पाहिलं. तिकडूनही भोकच होतं.

मग मुलगी हळूच म्हणाली, "काका, काकूंनी कधी सांगितलं असेल ना? आठवून बघा. एखादं वाक्यही पुरेल मला. तुमच्याशिवाय आता सांगणारं कुणी नाही."

काहीही सांगता आलं असतं. तळाला नंदी होता म्हणायचं, सोन्याचा हंडा होता म्हणायचं. खोडून काढणारं कोण उरलं होतं? सिद्धराम मोठ्या मशीनसमोर बायकोच्या शेजारी उभा राहिला होता, असं जगभर लिहिलं गेलं असतं. वाक्य त्याच्या ओठावर आलंसुद्धा.

"लिही," तो म्हणाला. "महानंदा तळाला जात हुती. नवऱ्याला रोज बोलवत हुती. त्यो गेला न्हाय."

"असं कसं लिहू, काका?"

"खरं पायजे म्हनलीस न्हवं?"

तिनं लिहून घेतलं. मग कापड पुण्याला नेऊ का, जाणकाराला दाखवू का, असं विचारलं.

"फोटू काड हवं तेवढं. कापड ऱ्हाऊ दे. जळलेलं काय जाणकार सांगनार हाय?"

ती गेल्यावर सिद्धरामनं कापडाची घडी घातली आणि फळीवर ठेवली. तेवढ्यात मिक्सरवाला ईश्वरप्पा आला. "अण्णा, झालं का? बायको पेटलीया घरात. चटणी खोळंबलीया."

"बस. जोडतो."

त्यानं वायर जोडली आणि सवयीनं हात उजवीकडं नेऊन सोल्डरिंग आयर्न टेकवलं. जुन्या काळ्या डागाला लागून, उघड्या लाकडावर. धुराची रेघ निघाली, पॉलिशचा वास सुटला.

"अण्णा, टेबल जळतंय की!"

"दिसतंय मला," सिद्धराम म्हणाला. त्यानं ते उचललं नाही.