झाकणाआडचा ढग

हो, मीच बोलतोय. दुर्बिणीच्या मागच्या टोकाला लटकलेला इन्फ्रारेड कॅमेरा. आज माझ्या तोंडावर झाकण आहे आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

माणसांना दिसत नाही तो उष्णतेचा उजेड मला दिसतो. फार पूर्वी एक तारा फुटला. त्या स्फोटाचा धक्का आजूबाजूच्या वायूवर आदळतो, तिथे हायड्रोजनचे रेणू तापून मंद चमकतात. ते कुठे कुठे आहेत याचा नकाशा करणं हे माझं काम. पण मी स्वतःच तापलो तर आंधळा! म्हणून माझ्या टाकीत रोज गारेगार द्रव नायट्रोजन भरावा लागतो.

तो भरायची ताई. निरीक्षणाचं सगळं तिच्याकडेच. काम सुरू करण्याआधी ती रोज झाकण लावून एक फोटो काढायची. झाकणाआड जे दिसतं ते आकाशातलं नव्हे, माझ्याच अंगावरचे डाग. ते नंतर आकाशाच्या फोटोतून वजा करायचे. "चल रे, मीट तोंड," म्हणायची. फार जीव माझा तिच्यावर.

एकदा पाहुणे आले. विभागाचे सर ऐटीत म्हणाले, "तू जा घरी, आज मीच भरतो." आणि गप्पांच्या नादात विसरले! मी तापलो. लक्षात आल्यावर त्यांनी घाईघाईने भसाभस ओतलं. अंग असं आवळलं, की आतल्या उजेड टिपणाऱ्या नाजूक चकतीचा पापुद्रा सुटला. तेव्हापासून तिथे काही नसतानाही उजेड दिसतो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सर म्हणाले, "हीच भरायला विसरली." ताईची नोकरी गेली. जाताना माझ्यावरून हात फिरवून गेली बिचारी. मी तेव्हाच डूख धरला. थांब लेका, तुला दाखवतोच!

मला नुसतं गप्प बसायचं होतं. सरांना झाकण लावायचा कंटाळा. ते ताईचाच जुना फोटो वजा करत राहिले. त्यात माझी नवी जखम कुठून असणार? नकाशात झकास ढग उगवला. "रेणूंचा नवा ढग!" सर हरखले. फोटो मोठा करून भिंतीवर लावला, चार लोकांना बोलावलं. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

नव्या ढगाची बातमी ऐकून ताईही येऊन मागच्या रांगेत बसली होती. तिने विचारलं, "सर, झाकणाचा फोटो कधीचा वापरलात?"

"तुझाच, जुना. का गं?"

"मग आत्ता एक काढू या ना."

नाही कसं म्हणणार? झाकण लागलं. पडद्यावर मिट्ट काळोख, आणि त्यात तोच ढग! कुणीतरी फिसकन हसलं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, हे त्या दिवशीचं असणार... मला टाकी भरायला जरा उशीर झाला, एवढंच..." आणि त्यांनी जीभ चावली. पण सगळ्यांनी ऐकलं होतं.

ताई परत कामावर आलीय. माझी चकती काढून नवी बसवणार आहेत, म्हणजे हा मी काही उरणार नाही. खुशाल काढा. उट्टं निघालं, भरून पावलो. एकच मागणं आहे. भिंतीवरचा तो मोठा फोटो तेवढा उतरवू नका. सरांच्या खोलीच्या बरोबर समोर आहे तो.