शंकररावांची हरकत

"ह्याला आवक क्रमांक कुठाय?" शंकररावांनी विचारलं.

लॉरेनबाईंच्या तबेल्यात गवताच्या गाठींवर बसलेली एकवीस माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. मागे उभा असलेला घोडाही पाहू लागला. आवक क्रमांक ही वस्तू ह्यांपैकी कुणाच्याच ऐकिवात नव्हती.

"म्हणजे बघा," शंकरराव आपल्या कारकुनी इंग्रजीत समजावू लागले, "तुम्ही शहराला पत्र दिलं. छान केलं. पण दिलं ह्याला पुरावा काय? उद्या ते म्हणतील, आम्हाला मिळालंच नाही. मी स्वतः असं म्हणालेलो आहे. पुष्कळ वेळा."

"शँकर," लॉरेनबाई म्हणाल्या, "तू आमच्या बाजूचा आहेस की त्यांच्या?"

"अनुभव त्यांच्या बाजूचा आहे. माणूस तुमच्या बाजूचा."

लॉरेनबाईंनी सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली होती, त्यामुळे कुणाला पुढच्या सीटवर बसवायचं हे त्यांना चटकन कळे. त्यांनी शंकररावांच्या हातात कागद ठेवले आणि त्या दिवसापासून मेस्कीट लेनच्या शेहेचाळीस घरांचा विरोध सुरळीत, तीन प्रतींमध्ये सुरू झाला.

प्रकरण साधं होतं. ॲरिझोनाच्या त्या वाळवंटात शहर सहा मैलांवर संपायचं, ते आता दीड मैलावर येऊन थांबलं होतं आणि त्याला आणखी पुढे यायचं होतं. मेस्कीट लेन आणि तिच्या मागचं मोकळं रान शहराच्या हद्दीत घ्यायचं, आणि मग त्या रानात चौदाशे गाड्यांच्या पार्किंगचं शॉपिंग सेंटर बांधायचं. त्यासाठी निम्म्याहून जास्त घरमालकांच्या सह्या हव्या होत्या. म्हणजे चोवीस. ते बांधणाऱ्या कंपनीचा एक हसरा, कडक इस्त्रीतला माणूस घरोघर फिरून त्या गोळा करत होता, आणि कुणाच्या झाल्या, कुणाच्या नाही, ते कुणी कुणाला सांगत नव्हतं.

शंकरराव रामटेके ह्यांना हे सगळं पाठ होतं. विदर्भातल्या एका नगरपालिकेच्या हद्दवाढ विभागात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती. शेजारची खेडी गावाच्या हद्दीत घेताना लोकांच्या हरकती मागवतात. त्या हरकती घ्यायच्या, शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि महिन्याभरानं शेवटच्या रकान्यात 'विचार करून निकाली काढली' असं लिहायचं, हे त्यांचं काम. विचार कोण करायचं हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. एकदा खुद्द त्यांच्या थोरल्या भावाची हरकत आली. भावाचं शेत नव्या रिंगरोडात जात होतं. शंकररावांनी भावाला खुर्ची दिली, चहा मागवला, हरकतीला क्रमांक दिला आणि महिन्याभरानं ती निकाली काढली. भाऊ तीन वर्षं बोलला नाही. चौथ्या वर्षी बोलला तेव्हा एवढंच म्हणाला, "चहा बाकी चांगला होता."

एकतीस वर्षांत चार हजारांच्या वर हरकती त्यांच्या हातून गेल्या. मान्य झालेली एकही नाही. निवृत्त झाले, पत्नी गिरजाबाई गेल्या आणि मुलानं अमेरिकेत बोलावून घेतलं, तेव्हा दोन बॅगांबरोबर हीही एक गोष्ट आली. मरण्यापूर्वी एक हरकत मान्य झालेली बघायची. कुणाचीही चालेल.

पहिले काही दिवस त्यांना हा प्रदेश मंजूर होऊन पुढे काहीच न झालेल्या लेआउटसारखा वाटला होता. रस्ता आहे, नळ नाही. घरं आहेत, दिवे नाहीत. मग हळूहळू पहाटेचं फिरणं लांबत गेलं. साडेपाचला ते कॅनव्हासची टोपी घालून निघत. त्या वेळी डोंगर अजून ठरवत असायचे की आज निळं व्हायचं की जांभळं. पायाखालची वाळू थंड आणि मऊ असायची, रात्रभर कुणी चाळून ठेवल्यासारखी. डोक्यावर बोटभर तुरा लावलेले लावे रस्ता ओलांडत, एकामागून एक, प्रभातफेरीतल्या पोरांसारखे, आणि शेवटचा हमखास मागे राहून धावत सुटे. कोरड्या नाल्यात उभं राहिलं की आपलाच श्वास शेजारी कुणी घेतंय असं वाटे. अशा वेळी शंकरराव गिरजाबाईंशी चार शब्द बोलत. त्या हयात असताना त्यांना इतकं शांतपणे ऐकून घेण्याची सवय नव्हती. आता बरीच सुधारणा होती.

मागच्या मार्चमधली ती सकाळ तर शंकररावांनी मनात वेगळी जपून ठेवली होती. फिरून आले, ओसरीवरच्या खुर्चीत बसले आणि छातीत कळ आली. मुलगा धावला, फोन केला. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, ॲम्ब्युलन्स लांबून यायची होती. ती अडतीस मिनिटांनी आली. पण मधल्या वेळात काय झालं कुणास ठाऊक, ती कळ उठून शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. ऊन दुधासारखं पातळ झालं. अंगठ्याएवढा एक पक्षी हवेत एका जागी थांबून त्यांच्याकडे बघत राहिला. समोरचा डोंगर सरकत सरकत अंगणापर्यंत आला आणि जरा टेकू का म्हणून विचारू लागला. शंकरराव त्याला या या म्हणाले. इतकं छान त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पुढे दवाखाना, नळ्या, गोळ्या हे सगळं झालंच, पण त्या रानाशी आपलं नातं जुळलं ते तिथे, असं त्यांचं मत होतं. हे मत त्यांनी घरात कधी मांडलं नाही. घरात तो विषय निघायचा नाही.

तर अशा रानावर चौदाशे गाड्या उभ्या राहणार होत्या.

शंकररावांनी हरकत लिहायला अकरा दिवस घेतले. नाल्याचं पात्र, विहिरीचं पाणी, लाव्यांची वाट, काही सोडलं नाही. शुक्रवारी दुपारी सून मोनालीनं त्यांना शहराच्या कचेरीत सोडलं. "बाबा, एक्साइट होऊ नका हं. मी इथे कारमध्येच थांबते."

खिडकीमागे ओचोआ नावाच्या बाई होत्या. जाडसर, शांत, चष्मा साखळीला. त्यांनी तिन्ही प्रती घेतल्या, शिक्का मारला, क्रमांक घातला. शंकररावांना आपल्या माणसांत आल्यासारखं झालं. मग बाईंनी चष्मा लावला आणि पहिलं पान वाचायला घेतलं.

शंकरराव चपापले. "तुम्ही वाचताय?"

"मग काय करू?"

बाई ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या. शंकरराव खिडकीपाशी उभे. हात कुठे ठेवायचे ते कळेना. आयुष्यात पहिल्यांदा ते खिडकीच्या ह्या बाजूला होते, आणि ह्या बाजूला घसा कोरडा पडतो ही माहिती त्यांना एकतीस वर्षांत कुणी दिली नव्हती. चार हजार माणसं. दहा मिनिटांनी बाईंनी शेवटचं पान उलटलं.

"फार सुंदर लिहिलंय. मी त्या नाल्याशेजारीच लहानाची मोठी झाले. घर तुमच्या नावावर आहे ना?"

"मुलाच्या. धम्मदीप रामटेके."

बाईंनी दुसरी फाइल उघडली, बोट खाली खाली नेलं आणि थांबवलं. मग फाइल त्यांच्याकडे वळवली. संमती देणाऱ्या मालकांची यादी. चोवीस नावं. चोविसावी सही धम्मदीपची होती. खाली आडवी रेघ, रेघेखाली दोन टिंबं. सातवीत असताना शंकररावांनीच त्याला शिकवली होती. नुसतं नाव लिहून भागत नाही बेटा, खाली टिंबं द्यावी, सही उठून दिसते.

दिसत होती.

"सही मागे घेता येते," ओचोआबाई हलक्या आवाजात म्हणाल्या आणि एक फॉर्म सरकवला. "सोमवारी पाचपर्यंत. एक जरी गेली तरी प्रस्ताव पडतो."

घरी येईपर्यंत मोनालीनं दोनदा आरशातून बघितलं.

शनिवारी सकाळी धम्मदीप गॅरेजमध्ये पाण्याचा फिल्टर बदलत होता. शंकररावांनी फॉर्म वर्कबेंचवर ठेवला.

"काऊन बा, विरोधी पक्षाच्या नेत्याच्या घरातच फूट?"

धम्मदीपनं फॉर्म बघितला. हात पुसले. "मी सांगणार होतो."

"कधी? मॉलच्या उद्घाटनाला?"

"बाबा, जोक नका करू."

"मग काय करू? एकवीस माणसं माझ्या शब्दावर गवतावर बसतात. घोडाही येतो. अन् चोविसावी सही माझ्या पोराची. कशाला केली? नळासाठी?"

"थर्टी-एट मिनिट्स, बाबा."

शंकररावांना पटकन समजलं नाही.

"काउंटीचं स्टेशन कुठे आहे माहितीय? अठ्ठावीस मैल. सिटीत आलो की दीड मैलावर. फोर मिनिट्स. मी स्वतः जाऊन विचारून आलो, ड्राइव्ह करून बघितलं." त्याचा आवाज चढला. "त्या दिवशी मी तुमच्यासमोर गुडघ्यावर बसलो होतो. फोनवर ती ॲम्ब्युलन्सवाली बाई सारखी म्हणत होती, स्टे विथ मी सर, दे आर ऑन देअर वे. थर्टी-एट मिनिट्स ऑन देअर वे. तुमचे ओठ निळे झाले होते. आणि तुम्ही..." तो थांबला. "तुम्ही हसत होता. कुणाला तरी या या म्हणत होता. मला वाटलं, आई आली न्यायला."

"नाही रे," शंकरराव म्हणाले. "डोंगर होता."

"काय?"

"काही नाही. मला तर त्या वेळी फार छान..." मुलगा त्यांच्याकडे बघत होता. सदतिसाव्या वर्षी त्याचा चेहरा सातवीतल्या पोरासारखा झाला होता.

मोनाली दारात येऊन उभी होती. "बाबा, सांगू का? तुम्ही रोज पहाटे निघालात की हा खिडकीपाशी जातो. नाल्याच्या वळणावर तुमची टोपी परत दिसेपर्यंत शूज घालत नाही. वर्ष झालं. ऑफिसात बॉस वैतागलाय."

"मोना, प्लीज यार."

"खोटं बोलते का मी?"

बाहेर लावे कुर्रकुर्र करत गेले.

धम्मदीपनं खिशातून पेन काढलं. "आता तुम्ही म्हणाल तसं. द्या. विथड्रॉ करतो."

फॉर्म दोघांच्या मध्ये पडला होता. दोन ओळी आणि एक सही. चार हजार हरकतींनंतरची एक, आणि ती मान्य होणार हे आत्ता, ह्या गॅरेजमध्ये, शंकररावांच्या एकदा मान हलवण्यावर होतं. नाला, वाळू, ते दुधासारखं ऊन, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून सावकाश गेलं. आणि पहिल्यांदाच त्या उन्हात, आपल्या पायांशी गुडघ्यावर बसलेला, फोन कानाला लावलेला एक माणूस त्यांना दिसला. तो तिथे सगळा वेळ होता. त्यांनीच बघितलं नव्हतं.

त्यांनी फॉर्म उचलून चार घड्या घातल्या.

"राहू दे."

"आर यू शुअर?"

"फॉर्म चुकीचा आहे," शंकरराव म्हणाले. "तू तो फिल्टर नीट बसव. गळतोय."

सोमवारी पाच वाजून गेल्यावर ते लॉरेनबाईंच्या कुंपणाशी गेले आणि एकही गोष्ट न लपवता सांगितलं. लॉरेनबाई घोड्याला खरारा करत होत्या. हात थांबला.

"म्हणजे तुला थांबवता आलं असतं?"

"हो."

"आणि तू थांबवलं नाहीस."

"मुलानं माझ्याविरुद्ध हरकत घेतली. मी ती मान्य केली."

लॉरेनबाई घोड्याला घेऊन आत गेल्या. तीन आठवडे त्यांनी हात केला नाही. चौथ्या आठवड्यात फाटकापाशी एक कागदी पिशवी होती. आत त्यांच्या झाडाची ग्रेपफ्रूट होती, सहा. चिठ्ठी नव्हती. शंकररावांनी ती साखर घालून खाल्ली आणि तरीही कडू लागली अशी बातमी कुंपणावरून पोचवली. "साखर घालतात का, गाढवा!" असं उत्तर आलं.

प्रस्ताव जूनमध्ये मंजूर झाला. ऑक्टोबरमध्ये रानात यंत्रं आली. कायद्यानं तिथले सग्वारो तोडता येत नव्हते, दीडशे दीडशे वर्षांचे ते उंच निवडुंग उपटून दुसरीकडे लावायचे होते. रोज सकाळी शंकरराव बघत उभे राहत. माणसं आधी प्रत्येकाच्या अंगावर एका बाजूनं निळ्या रंगाची खूण करत, मग जुन्या गालिच्यांचे तुकडे गुंडाळत, मग हळूच आडवा निजवत.

"ही खूण कसली?" त्यांनी एकाला विचारलं.

"दक्षिण बाजू, सर. ती उन्हाला सरावलेली असते. नव्या जागी तीच बाजू दक्षिणेला यावी लागते. फिरवून लावला तर दुसरी बाजू भाजते."

"मग मरतो?"

"मरतो. पण लगेच कळत नाही. वर्षं जातात."

पहिला ट्रक निघाला तेव्हा आठ वाजले होते. माणसाच्या चालीनं चालला होता, कारण खड्ड्यात हिसका बसला की सग्वारोचं अंग मोडतं. गालिच्यात गुंडाळलेला तो जुना जीव पाठीवर निजून आकाशाकडे बघत चालला होता, फांदीचा एक हात मागे बाहेर आलेला. शंकररावांनी टोपी काढली. ऑफिसला निघालेल्या धम्मदीपनं मागे गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि येऊन वडिलांच्या शेजारी उभा राहिला. ट्रक समोरून गेला. मग दोघे त्याच्या मागून चालू लागले, नव्या हद्दीच्या पाटीपर्यंत, पोचवायला.