जास्तीचं दार

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईघराच्या भिंतीला लागून नोंदींची खोली होती. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे कोडताई म्हणत. रुग्ण घरी गेला की त्याची फाइल खाली यायची. कोडताई ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक निदानाला त्याचा कोड द्यायची. आधी एक अक्षर, मग आकडे. श्वासाचे आजार एका अक्षराखाली, डोळे-कान दुसऱ्या, मोडलेली हाडं तिसऱ्या. माणूस कशानेही आजारी पडो, त्याचा कप्पा आधीच तयार असतो, याचं तिला नोकरीला लागल्यापासून मोठं समाधान वाटत आलं होतं.

कामाचा नियम कडक होता. डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच धरायचं, आपली अक्कल चालवायची नाही. शंका आली तर डॉक्टरांना विचारायचं, पण प्रश्नात उत्तर घालायचं नाही. "हा न्यूमोनिया होता ना?" असं विचारायला सक्त मनाई. "छातीच्या एक्स-रेत जे दिसलं, त्याचं निदान काय?" इतपतच. कारण दमलेला माणूस "हो" म्हणून मोकळा होतो, आणि एकदा "हो" लिहिलं गेलं की रुग्णाला तो आजार झालेलाच असतो.

विचित्र नोंदीची पहिली फाइल मोतीबिंदूची होती. भरती करताना सिस्टरने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'घरात एक दार जास्त झालंय असं आजोबा सांगतात.' डोळ्यांचा रुग्ण, दिसलं असेल काहीतरी, म्हणून कोडताईने पान उलटलं. शेवटच्या पानावर होतं, 'रुग्ण न सांगता निघून गेले. चपला कॉटखाली.' तिने मोतीबिंदूचा कोड दिला आणि फाइल पुढे सरकवली.

नंतर मनगट मोडलेली एक शिंपीणबाई आली. 'नवीन दाराकडे बघत चालताना पडले.' शेवटी तेच, न सांगता गेल्या, चपला कॉटखाली. आणि आज हातात होता न्यूमोनियाचा एक तरणाताठा शाळामास्तर. घरात दार जास्त. चपला कॉटखाली.

"तात्या, जरा ऐका हो," ती म्हणाली. तात्या समोरच्या टेबलावर फाइलींची पानं स्कॅन करायचे आणि दिवसभर सुपारी चघळत बसायचे. तिने तिन्ही नोंदी सांगितल्या.

"दार जास्त? नशीबवान आहेत. आमच्याकडे एका मोरीच्या दारावर सकाळी अख्खं घर रांगेत."

"थट्टा नको. ही माणसं गेली कुठे? घरी पोचली नाहीत, असं नातेवाइकांनी कळवलंय."

"अहो, बिल चुकवायला पळतात लोक."

"अनवाणी?"

तात्यांचं चघळणं थांबलं. "नाही," ते सावकाश म्हणाले. "इथे चपला जातील म्हणून लोक उशाशी घेऊन झोपतात. मागे कोणी ठेवत नाही. अशा अजून किती आहेत, काढा बघू शोधून."

"कशा काढू? दाराला कोडच नाही. एक डोळ्यांत गेला, एक हाडांत, हा चालला श्वासात. मीच एकेकाला वेगळ्या कप्प्यात टाकलंय, तात्या. असे आणखी किती टाकले असतील, मलाच आठवत नाही."

तिने छातीच्या डॉक्टरांना रीतसर प्रश्न पाठवला. दुपारी त्यांचा फोन आला.

"कोडताई, हे दाराचं काय लावलंय? तापात बरळला असेल. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा, लिहून टाकतो."

"डॉक्टर, तेच तर मला सांगता येत नाही."

"मग मी काय लिहू? दार?" ते हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई खिडकीजवळच्या खुर्चीत मटार सोलत बसली होती. घरात त्या दोघीच. बाबा गेल्यापासून आईची तब्येत हे कोडताईचं दुसरं खातं होतं, गोळ्या, रक्तदाब, गुडघे. गंमत म्हणजे त्या खात्यात ती मनातल्या मनातसुद्धा कधी कोड घालायची नाही.

"सुतार कधी येऊन गेला गं?" आईने विचारलं.

"कुठला सुतार?"

"मग हे दार काय आपोआप उगवलं?" आईने हनुवटीने कपाटाशेजारची भिंत दाखवली. "मला न विचारता करून घेतलंस. माझं घरात काही चालतच नाही आता."

भिंत रिकामी होती. वर एक गंजका खिळा, बाबांच्या फोटोचा, फोटो रंगकामात काढलेला. कोडताईला त्या तिन्ही फाइली आठवल्या. पण इतक्या वर्षांची सवय, ती जपून बोलली. "आई, काय दिसतंय ते तू सांग."

"दार दिसतंय. तपकिरी. कडी लावलेली. वकिलासारखं काय विचारतेस?"

"पलीकडे काय आहे?"

"बंद दारापलीकडचं मला कसं दिसणार? शिकलेली ना तू?"

बंद आहे. कोडताईने तेवढं घट्ट धरून ठेवलं. उद्या सुट्टी काढायची, आईला मावशीकडे न्यायचं, या घरातून बाहेर काढायचं. ती बॅग काढायला उठली. तेवढ्यात आईने मटारचं ताट बाजूला ठेवलं आणि पायांतल्या सपाता काढल्या. एकीशेजारी एक, नीट लावून, खुर्चीखाली.

"आई! ते उघडं तर नाही ना?"

शब्द तोंडातून गेले आणि तिला कळलं, काय केलं ते. प्रश्नातच उत्तर होतं.

आईने दमल्या डोळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. "हो गं," ती म्हणाली. "आता आहे खरं उघडं."

जमिनीवरची मटारची सालं सरकली. गार झुळूक आली, तिला धुलाईघरासारखा ओल्या कापडाचा वास होता. आई उठली. गुडघे कधी दुखलेच नाहीत, अशी चालू लागली.

कोडताई धावली. तिच्या पायातली एक सपात कपाटापाशी निसटली, दुसरी टेबलाशी. ती आईच्या वाटेत आडवी उभी राहिली, पाठ भिंतीला टेकवायला मागे सरली, पण पाठीला भिंत लागली नाही. नियम मोडलाच होता. तिने तो पुन्हा मोडला, या वेळी जाणूनबुजून.

"आई, ते दार बंद झालंय ना? झालंय ना बंद? सांग!"

आई थांबली. कपाळाला आठ्या पडल्या. मग कटकट मिटावी म्हणून मान हलवते तशी तिने हलवली. "हो बाई, हो. झालं बंद."

कोडताईने सुटकेचा श्वास सोडला. पण समोर आई नव्हती. समोर भिंत होती, गुळगुळीत, एकही खिळा नसलेली. पायांखालची फरशी बर्फासारखी होती.

पलीकडून आईचा आवाज आला, अगदी जवळून. "अगं? कुठे गेलीस? सपाता इकडे टाकून कुठे गेलीस?"

एक प्रश्न पुरला असता. "दार आहे ना गं तिथे?" म्हटलं की आई "हो" म्हणणार होती. आई नेहमीच म्हणायची. आणि मग दार उघडलं असतं, आणि आई अनवाणी त्यातून आली असती.

भिंतीवर बोटांनी टकटक झाली. "तिकडे आहेस का? आहेस ना?" आता आवाज रडवेला होता.

कोडताईने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले. तिच्या मागे, अंधारात, कोणीतरी अनवाणी पावलांनी जवळ येऊन थांबलं होतं. कोडताईही त्याच्यासारखीच हूं की चूं न करता उभी राहिली.