तिसरी जेरुशा

आमच्या गावच्या कबरस्तानात माझ्या नावाचे दोन दगड आहेत. दोन्ही लहान, दोन्हींवर पंख फुटलेली कवटी कोरलेली, आणि खाली ‘जेरुशा, नेथन पेल्टन यांची मुलगी’. सभाघराची वाट तिथूनच जाते. लहानपणी रविवारी प्रार्थनेला जाताना पोरं मला डिवचायची, “काय गं, आज वर कशी? आत करमत नाही वाटतं?” मीही कमी नव्हते. “तुझ्यासाठी जागा बघायला आलेय,” म्हणायचे. पण वाटेचा तेवढा तुकडा मी पळतच पार करायचे, हेही खरं.

हे नाव आमच्या घराण्यात इंग्लंडहून आलं. बाबांची धाकटी बहीण जेरुशा जहाजावरच तापाने गेली. तिला समुद्रात सोडलं. ती काही मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागली नाही, नाव तेवढं लागलं. बाबांनी ते आपल्या पहिल्या मुलीला दिलं. ती घशाच्या साथीत गेली. मग दुसरीला दिलं, ती विहिरीत पडली. मग मी झाले. गेलेल्या लेकराचं नाव पाठच्या लेकराला द्यायचं, ही इकडची रीतच आहे. धड असलेल्या कपड्यासारखं नावही वाया घालवायचं नाही. घरात एक निळा टोपीचा झगा होता, तोही आम्ही तिघींनी वापरला.

आईला आमच्यात फरकच कळेनासा झाला होता. “तुला मध किती आवडायचा!” म्हणायची. मला मध बघवत नाही. “विहिरीपाशी जाऊ नकोस, मागच्यासारखी पडशील,” म्हणायची. मागच्यासारखी! मी कधी पडले होते? पण इतक्यांदा ऐकल्यावर मला ते पाणी आठवायलाच लागलं. गार, कानात शिरणारं, आणि वर आभाळाचा गोल तुकडा. आजही आठवतं आणि अंगावर काटा येतो, कारण ती आठवण माझी नाही. आई अंगणातून “जेरुशा!” अशी हाक मारायची. मी धावत जाऊन पुढ्यात उभी राहायचे, आणि ती माझ्या खांद्यावरून मागे बघत राहायची. मला फार राग यायचा. रडूही यायचं.

म्हणून लग्नानंतर मला पहिली मुलगी झाली तेव्हा आईच्या नाकावर टिच्चून मी तिचं नाव तिर्झा ठेवलं. आमच्यात कुणाचंच नसलेलं. तिर्झा भांडखोर होती, अगदी माझ्यावर गेलेली. कोंबड्यांशीसुद्धा भांडायची. मागच्या हिवाळ्यात घशाची साथ परत आली आणि तिला घेऊन गेली.

या हिवाळ्यात मला दुसरी मुलगी झाली. रविवारी तिचा बाप्तिस्मा होता. मी बाळंतीण, मला बाहेर पडायची मुभा नव्हती. बाळाला सभाघरात न्यायचं ते तिच्या बापाने. माझा नवरा एलियाब टोपी हातात घेऊन दाराशी उभा होता. शेजारच्या डॉर्कस काकूंनी, त्यांनीच माझं बाळंतपण केलं होतं, बाळाला शालीत गुंडाळलं. आई चुलीपाशी बसली होती. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते.

“पाळक नाव विचारतील,” एलियाब म्हणाला. “काय सांगू?”

“विचारायचं काय त्यात?” डॉर्कस काकू म्हणाल्या. “तिर्झा! सगळं गाव तेच धरून बसलंय. निघा आता, बाप्तिस्म्याच्या पाण्याचं बर्फ व्हायच्या आत पोचायला हवं.”

मला तेच हवं होतं. आयुष्यभर या रीतीला शिव्या घातल्या, आणि आता मीच तिच्यासाठी हपापले होते. तिर्झा गेल्यापासून ते नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं. हिला दिलं, तर दारात उभं राहून दिवसभर हाक मारता येईल. आणि हाकेसरशी कुणीतरी धावत येईल. मला दुसरं काही नको होतं.

“तिर्झाच सांग,” मी म्हणाले.

“नको,” आई म्हणाली.

“घ्या!” डॉर्कस काकू फणकारल्या. “स्वतः तीन तीन जेरुशा केल्यास, आणि आता लेकीला नको म्हणतेस?”

“केल्या म्हणूनच सांगतेय.” आई उठून माझ्या खाटेशी आली. “मी हाक मारली की तिघी यायच्या गं. पुढे तू, मागे त्या दोघी. एकीचा गळा सुजलेला. दुसरीचे केस ओले. मी त्यांच्याकडेच बघत बसायचे. माझी जिवंत पोर पुढ्यात उभी असायची, आणि तिचं तोंड मी कधी नीट पाहिलं नाही.”

तिने माझी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं.

“डोळे करडे आहेत की तुझे,” ती म्हणाली. “मला वाटायचं, निळे.”

शालीतून बाळाचा एक हात बाहेर आला होता आणि डॉर्कस काकू तो आत कोंबत होत्या. बाळ काही ऐकत नव्हतं.

“लोइस,” मी एलियाबला म्हणाले. “लोइस सांग.”

“लोइस? हे कुठून काढलंस?”

“कुठूनच नाही. आपल्यात ना जिवंतांत कुणी लोइस आहे, ना मेलेल्यांत.”

काकूंनी नाक मुरडलं. एलियाबने मात्र एकदा स्वतःशी नाव म्हणून पाहिलं, बाळाला छातीशी धरलं आणि तो बाहेर पडला. काकूही पुटपुटत त्याच्यामागे गेल्या.

घरात आम्ही दोघीच उरलो. बऱ्याच वेळाने आई दाराशी गेली आणि तिने अडसर काढून दार उघडलं. बोचरी हवा आत आली. बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं. आई उंबऱ्यात उभी राहिली आणि तिने पूर्वी मारायची तशीच खणखणीत हाक मारली, “जेरुशा!”

मी सवयीने खाटेवरून म्हटलं, “अगं, इथेच आहे मी.”

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच, मागे नाही.

“तुला नाही गं,” ती म्हणाली.

मग ती घागरा सावरून दारातून बाजूला झाली, लहान मुलांना आत यायला वाट देतात तशी. भुरभुर बर्फ आत उडालं आणि उंबऱ्यापासून चुलीपर्यंत जमिनीवर लहान लहान ओले डाग पडले. आईने ते बघितले, आणि ती हसली. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग ती दार लावायला वळली.

“आई, लावू नकोस,” मी म्हणाले. “माझी यायचीय अजून.”